बिघाड नेमका कोठपर्यंत आहे? कार्यालयातील संगणक आणि नेटवर्कच्या तक्रारी सोडवण्याची रीत

कार्यालयात संगणकाबद्दल येणाऱ्या बहुतेक तक्रारी चार-पाच ठरलेल्या वाक्यांत मावतात: नेट नाही, प्रिंट निघत नाही, फोल्डर उघडत नाही, मशीन फार हळू चालते. या वाक्यांत त्रास सांगितलेला असतो. बिघाड सांगितलेला नसतो. ‘नेट नाही’ या दोन शब्दांमागे सैल झालेली केबल, न मिळालेला आयपी पत्ता (नेटवर्कवर संगणकाला मिळणारा क्रमांक), डीएनएसची (संकेतस्थळाच्या नावावरून तसा क्रमांक शोधणाऱ्या व्यवस्थेची) अडचण, मागे पडलेले घड्याळ किंवा एखाद्याच संकेतस्थळाचा स्वतःचा बिघाड यांपैकी काहीही असू शकते आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून तक्रार आल्यावर कोणतेही सेटिंग उघडण्यापूर्वी बिघाडाची हद्द ठरवावी. ती न ठरवता ऐकीव उपाय करत सुटले, तर मूळ दोष राहतो बाजूला आणि आपणच बदललेल्या चार सेटिंगांचा नवा गुंता सोडवत बसावे लागते.

हद्द ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे: हा त्रास आणखी कोणाला होतो आहे का? एकालाच होत असेल तर दोष त्याच्या मशीनमध्ये, त्याच्या केबलमध्ये किंवा त्याच्या खात्यात शोधावा. एका रांगेतील सगळ्यांना होत असेल तर त्या रांगेचा स्विच (अनेक संगणकांच्या केबली एकत्र जोडणारे उपकरण) पाहावा, आणि संपूर्ण कार्यालयाला होत असेल तर राउटर (कार्यालयाचे नेटवर्क बाहेरच्या लाइनला जोडणारे उपकरण), मुख्य स्विच किंवा बाहेरून येणारी लाइन यांच्याकडे वळावे. त्यानंतर त्रास केव्हापासून आहे आणि त्याच्या थोडे आधी काय बदलले, हे विचारावे. ‘काहीच बदलले नाही’ हे उत्तर हमखास येते. त्यावर वाद न घालता टेबल हलवले का, पासवर्ड बदलला का, अपडेट आले का, नवा फोन किंवा प्रिंटर जोडला का, असे सुटे प्रश्न विचारले की बहुधा काहीतरी निघतेच. पडद्यावर आलेला संदेश शब्दशः हवा असतो, म्हणून तो बंद करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवण्याची सवय सहकाऱ्यांना लावावी.

आणखी एक चाचणी दोन मिनिटांत होते. त्याच व्यक्तीला शेजारच्या संगणकावर तिच्या खात्याने प्रवेश करून काम करून पाहण्यास सांगावे. तेथे काम झाले तर दोष मूळ मशीनचा. तेथेही तोच त्रास झाला तर दोष खात्याचा, परवानगीचा किंवा सर्व्हरचा. या एका अदलाबदलीने अर्धी शक्यता बाद होते.

पुढे ज्या आज्ञा आल्या आहेत त्या विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये रोमन अक्षरांत टाइप करायच्या आहेत. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

रिस्टार्ट आणि शटडाउन एक नव्हेत

‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याची थट्टा होते, पण तो निरर्थक नाही. फक्त तो नीट पाळला जात नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती सुरू असेल तर शटडाउन करताना वापरकर्त्याचे कार्यक्रम बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरांची (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या कार्यक्रमांची) स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर रोज रात्री ‘बंद’ होऊनही सकाळी तसाच अडकलेला असतो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही नव्याने सुरू होते. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली सीपीयूच्या पानावरचा ‘अप टाइम’ पाहावा. रोज संगणक बंद करणाऱ्या माणसाला तेथे कधीकधी वीस दिवसांचा आकडा दिसतो आणि त्याचा विश्वास बसत नाही. पूर्ण शटडाउनच हवे असेल तर शिफ्ट कळ दाबून धरून शटडाउनवर क्लिक करावे.

रिस्टार्टने तक्रार मिटली तरी कारण कळलेले नसते. तोच त्रास आठवड्यात तिसऱ्यांदा आला, तर रिस्टार्ट करणे थांबवून शोध सुरू करावा. या कामी ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ हे विंडोजमधलेच साधन फार उपयोगी असून दुर्दैवाने ते फारसे कोणी उघडत नाही. स्टार्ट मेन्यूत ‘रिलायबिलिटी’ असे शोधले की ते सापडते. कोणत्या दिवशी कोणते अपडेट बसले, कोणता कार्यक्रम कोसळला आणि मशीन केव्हा अचानक बंद पडले, हे त्यात तारखेनुसार दिसते. ‘काय बदलले’ या प्रश्नाचे तेथे मिळणारे उत्तर माणसाच्या आठवणीपेक्षा भरवशाचे असते.

नेट नाही: केबलपासून ब्राउझरपर्यंत

नेटवर्कचा शोध खालून वर घ्यावा. प्रथम केबल, मग आयपी पत्ता, मग राउटर, मग बाहेरचे जग, मग नावे आणि शेवटी ब्राउझर, हा क्रम ठेवल्यास कोणत्या पायरीवर उत्तर येईनासे होते ते लगेच कळते. बरेच जण सुरुवात उलटीकडून, म्हणजे ब्राउझरची साठवण पुसण्यापासून करतात, आणि अर्ध्या तासानंतर केबल निघालेली आढळते.

केबलच्या दोन्ही टोकांशी, म्हणजे संगणकाच्या मागे आणि स्विचवर, पोर्टचा दिवा लागलेला आहे का ते पाहावे. प्लगची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली असेल तर प्लग जागेवर असल्यासारखा दिसतो, पण खुर्ची सरकली की संपर्क सुटतो. अशी केबल चिकटपट्टीने बांधून ठेवण्यापेक्षा तिचे टोक नवे करावे. तांब्याच्या इथरनेट केबलची लांबी १०० मीटरपर्यंतच धरलेली असते, हेही लांबच्या खोलीत जोडणी देताना लक्षात ठेवावे.

दिवा लागला म्हणजे केबल पूर्ण शाबूत आहे असे मात्र समजू नये. या केबलमध्ये आठ तारा असतात. सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीला त्यांपैकी चारच लागतात; एक गिगाबिटच्या जोडणीला आठही लागतात. त्यामुळे गिगाबिटसाठीच लागणारी एखादी तार तुटली, तर नेटवर्क चालू राहते पण वेग १०० मेगाबिटवर उतरतो, आणि तक्रार येते ती ‘नेट आहे, पण सर्व्हरवरून फाइल यायला फार वेळ लागतो’ अशी. नेटवर्क अडॅप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये वेग पाहिला आणि शेजारच्या मशीनवर एक गिगाबिट असताना येथे १०० मेगाबिट दिसले, तर चालू असल्याची खात्री असलेली दुसरी केबल लावून पाहावी.

केबल ठीक असेल तर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात आयपीव्ही४ पत्ता आणि ‘डिफॉल्ट गेटवे’ (बाहेर जाण्याची वाट, म्हणजे बहुधा राउटरचा पत्ता) या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला डीएचसीपीकडून, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या व्यवस्थेकडून, पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा अर्थ होतो. अशा पत्त्यावर इंटरनेट चालत नाही. याचे एक कारण पत्ते देणारा राउटर किंवा सर्व्हर बंद असणे हे असते. दुसरे, तितकेच नेहमीचे आणि सहसा न सुचणारे, म्हणजे पत्ते संपणे. नेहमीच्या लहान नेटवर्कमध्ये वापरता येण्याजोगे पत्ते २५४ असतात आणि राउटरला त्यांतलेही थोडेच वाटण्यास सांगितलेले असते. प्रत्येक कर्मचाऱ्याचा फोन वायफायला जोडला की तोही एक पत्ता घेतो आणि मुदत संपेपर्यंत धरून ठेवतो. उशिरा येणाऱ्यांनाच नेट मिळत नसेल, तर संशय येथे घ्यावा. वाटपाची मर्यादा वाढवणे, मुदत कमी करणे किंवा फोनसाठी वेगळे पाहुणे-नेटवर्क देणे हे उपाय आहेत. त्यानंतर त्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ या आज्ञा दिल्या की नवा पत्ता मिळतो.

पत्ता योग्य दिसला की ‘पिंग’ ही, एखाद्या पत्त्याकडून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा वापरावी. पिंगपुढे गेटवेचा पत्ता लिहून आज्ञा दिल्यावर केबलवरून साधारणतः एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येते. मधूनमधून उत्तर चुकत असेल तर ‘पिंग’ला ‘-टी’ जोडून ते अखंड चालू ठेवावे आणि केबल हलक्या हाताने हलवून पाहावी. हलवताच उत्तर तुटले तर दोषी सापडला. गेटवे उत्तर देत असेल तर ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरच्या पत्त्याला पिंग करावे. गेटवे उत्तर देतो आणि हा पत्ता देत नाही, असे सगळ्याच संगणकांवर दिसले, तर अडचण राउटरमध्ये किंवा सेवा पुरवठादाराच्या लाइनमध्ये आहे. काही कार्यालयांत सुरक्षेसाठी बाहेरचे पिंग मुद्दाम अडवलेले असते, म्हणून केवळ पिंग आले नाही एवढ्यावरून लाइन बंद आहे असे ठरवू नये; एखादे पान उघडते का तेही पाहावे.

आकड्यांना उत्तर येते पण नावाने काहीच उघडत नाही, अशी स्थिती असेल तर दोष डीएनएसचा आहे. संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देण्याची ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखली आणि तेव्हापासून नेटवर्कच्या तक्रारींत तिचा वाटा कायम राहिला आहे. ‘एनएसलुकअप’पुढे संकेतस्थळाचे नाव लिहिल्यावर उत्तर कोणत्या सर्व्हरकडून आले आणि आले की नाही, हे दोन्ही कळते. संगणकाने जुनी उत्तरे साठवून ठेवलेली असतात. ती ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ या आज्ञेने पुसता येतात. येथे एक सावधगिरी हवी. ज्या कार्यालयात स्वतःचा डोमेन सर्व्हर (सर्वांची लॉगिन एका जागी सांभाळणारा संगणक) आहे तेथे ‘नेट चालू झाले ना’ म्हणून संगणकात ८.८.८.८ हा डीएनएस कायमचा भरून ठेवू नये. त्या बाहेरच्या सर्व्हरला कार्यालयातल्या अंतर्गत नावांची माहिती नसते, त्यामुळे संकेतस्थळे उघडतात आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन, शेअर केलेले फोल्डर व प्रिंटर यांच्या तक्रारी सुरू होतात. हा उपाय करून गेलेला माणूस तोवर ते विसरलेला असतो.

नावेही सापडत असतील आणि तरी पान उघडत नसेल, तर ब्राउझरकडे यावे. खासगी खिडकीत तेच पान उघडले तर एखादे एक्स्टेन्शन किंवा साठवलेली कुकी अडथळा करते आहे. कोणत्याही ब्राउझरमध्ये काहीच उघडत नसेल तर प्रॉक्सीचे (पाने मधल्या सर्व्हरमार्फत मागवण्याचे) सेटिंग पाहावे. बाहेरच्या ठिकाणी वापरलेल्या लॅपटॉपमध्ये ते हमखास शिल्लक राहते. एकच संकेतस्थळ उघडत नसेल तर ते मोबाइलच्या डेटावर उघडून पाहावे, कारण तेथेही बंद असेल तर आपण शोधण्यासारखे काही उरत नाही.

सगळी संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देऊ लागली, तर आधी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते आणि संगणकाचे घड्याळ त्या मुदतीच्या बाहेर गेले की ब्राउझर ते नाकारतो. डोमेनच्या लॉगिनमध्ये तर सर्व्हरच्या आणि संगणकाच्या वेळेत मूळ सेटिंगनुसार पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. जुन्या मशीनचे घड्याळ रोज मागे पडत असेल तर मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे. बहुतेक मशीनमध्ये ती सीआर२०३२ या क्रमांकाची, तीन व्होल्टची असते आणि मशीन पूर्ण बंद करून बदलता येते.

जाता जाता एका गैरसमजाचा उल्लेख करावासा वाटतो. लाइनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दिसतो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यामुळे १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट उतरले तर लाइन पूर्ण क्षमतेने चालली आहे.

वायफायची तक्रार असेल तर प्रथम तोच लॅपटॉप केबलने जोडून पाहावा. केबलवर सर्व सुरळीत असेल तरच वायफायचा विचार करावा. सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या असणे म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यातले अंतर पार झाले एवढेच; राउटरच्या पलीकडे काय आहे ते त्या सांगत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल प्रत्यक्षात १, ६ आणि ११ असे तीनच मिळतात, त्यामुळे शेजारची बरीच नेटवर्के त्याच पट्ट्यात असली की वेग घसरतो, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंतींतून कमी पोहोचतो. वायफायचा पासवर्ड बदलल्यानंतर जुने उपकरण जोडले जात नसेल तर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावे.

सगळे कार्यालय एकदम बंद पडले तर

काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात दुपारी अचानक सर्वांचे नेटवर्क गेले. राउटर ठीक होता, बाहेरची लाइन ठीक होती, पण गेटवेला पिंग करूनही उत्तर येत नव्हते. शेवटी स्विचकडे पाहिल्यावर त्याचे सगळे दिवे एकाच लयीत, वेड्यासारखे लुकलुकताना दिसले. साफसफाई करताना लोंबकळणारे एक केबलचे टोक कोणीतरी नीटनेटकेपणाने रिकाम्या पोर्टमध्ये खोचले होते आणि तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते.

यालाच लूप म्हणतात. सर्वांसाठी पाठवलेला संदेश स्विच प्रत्येक पोर्टवर सोडतो. लूपमुळे तो परत त्याच स्विचमध्ये येतो आणि पुन्हा सगळीकडे जातो. इथरनेटच्या संदेशाला ‘इतक्या फेऱ्यांनंतर संपावे’ अशी मर्यादाच नसते, त्यामुळे काही सेकंदांत अशा संदेशांनी सगळी वाट अडते. उपाय म्हणजे मुख्य स्विचमधील केबली एकेक काढत जावे आणि कोणती काढल्यावर दिवे शांत होतात ते पाहावे. हा धोका टाळण्यासाठी रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. व्यवस्थापन करता येण्याजोग्या स्विचमध्ये ती असते, पण स्वस्त, साध्या स्विचमध्ये बहुधा नसते. टेबलाखाली जागोजागी ठेवलेले पाच-पाच पोर्टचे छोटे स्विच म्हणूनच शक्य तितके कमी असावेत, असे माझे मत आहे.

याच जातीचा दुसरा प्रकार अधिक फसवा असतो. कोणीतरी वायफाय वाढवण्यासाठी घरचा राउटर आणतो आणि त्याच्या लॅन पोर्टमध्ये कार्यालयाची केबल जोडतो. तो राउटरही पत्ते वाटू लागतो. मग काही संगणकांना खरा पत्ता मिळतो, काहींना परका. आणि रिस्टार्ट केल्यावर पीडित माणसे बदलतात. दोन मशीनवर ‘आयपीकॉन्फिग’ देऊन गेटवेची ओळ पडताळली आणि दोन निराळे गेटवे दिसले, तर परका राउटर शोधण्यासाठी कार्यालयात फेरी मारावी. परक्या गेटवेचा आकडा ब्राउझरमध्ये टाकल्यास बहुधा त्या राउटरचे लॉगिनचे पान उघडते आणि त्यावरील नावामुळे शोध सोपा होतो.

प्रिंट निघत नाही

प्रिंटर चालत नाही असे दिसताच लोक पुन्हा पुन्हा प्रिंटची आज्ञा देतात. म्हणून पहिले काम म्हणजे रांगेत साचलेल्या त्या दहा प्रती रद्द करणे. नाहीतर दुरुस्ती झाल्यावर त्या सगळ्या बाहेर येतात.

येथेही हद्द ठरवता येते. प्रिंटरच्या स्वतःच्या पॅनेलवरून ‘कॉन्फिगरेशन पेज’ छापावे. ते नीट छापले तर कागद, टोनर आणि यंत्र ठीक आहेत आणि दोष जोडणीत किंवा संगणकात आहे. नेटवर्कवरील प्रिंटर असेल तर त्याच पानावर त्याचा आयपी पत्ताही असतो. तो संगणकातील प्रिंटरच्या ‘पोर्ट्स’मध्ये लिहिलेल्या पत्त्याशी ताडून पाहावा. ‘काल चालत होता, आज ऑफलाइन दाखवतो’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा येथेच सापडते: वीज जाऊन आली, प्रिंटरला डीएचसीपीकडून नवा पत्ता मिळाला आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहिला. प्रत्येक संगणकात पत्ता बदलणे हा उपाय पुढच्या वीजखंडापर्यंतच टिकतो. राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या मॅक पत्त्यासाठी (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकासाठी) एक आयपी पत्ता राखून ठेवावा आणि संगणकांवर प्रिंटर ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी’ पोर्टने त्या पत्त्यावर जोडावा. विंडोज आपणहून शोधून जोडते तो ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट सोयीचा वाटतो, पण माझ्या अनुभवात ऑफलाइनच्या तक्रारी त्याच्याच जास्त येतात. पत्ता जुळत असूनही ऑफलाइन दिसत असेल तर प्रिंटरच्या रांगेच्या मेन्यूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर खूण पडलेली नाही ना, ते पाहावे.

रांगेतील काम ‘डिलीटिंग’ असे दाखवत तासभर तसेच राहत असेल तर स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा कार्यक्रम, अडकला आहे. विंडोज कळ आणि आर एकत्र दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ उघडावे, यादीतील ‘प्रिंट स्पूलर’ थांबवावा, मग सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात ‘सिस्टम३२’, त्यात ‘स्पूल’ आणि त्यात ‘प्रिंटर्स’ हा फोल्डर उघडून त्यातील फाइली पुसाव्यात आणि स्पूलर पुन्हा सुरू करावा. फोल्डर स्वतः पुसायचा नाही, त्यातील फाइलीच पुसायच्या आहेत. हे काम छापणाऱ्या संगणकावर करायचे असते. प्रिंटर दुसऱ्या संगणकावरून शेअर केलेला असेल तर त्या संगणकावरही करावे लागते.

प्रिंट ‘गेली’ पण कागद आला नाही, असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या खोलीतील प्रिंटरवर पाहून यावे. विंडोजमध्ये मुख्य प्रिंटर आपणहून ठरवण्याची सोय असते आणि ती शेवटचा वापरलेला प्रिंटर मुख्य मानते. गोपनीय कागद भलत्याच टेबलावर जाण्याचे ते एक साधे कारण आहे. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी. पानोपान निरर्थक चिन्हे छापली जात असतील तर ड्रायव्हर चुकीचा आहे. कागद अडकला असेल तर तो शक्यतो कागदाच्या वाहत्या दिशेनेच दोन्ही हातांनी ओढावा. उलट ओढल्याने फाटलेला तुकडा आत राहतो आणि पुढचा प्रत्येक कागद तेथेच अडकतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडू नये, कारण त्याचा तापणारा भाग क्षणभर इतकी वीज ओढतो की यूपीएस हात टेकतो आणि त्याच्यावरचे संगणकही बंद पडतात.

शेअर केलेला फोल्डर उघडत नाही

फोल्डर नावाने उघडत नसेल तर त्या संगणकाच्या आयपी पत्त्याने उघडून पाहावा. आकड्याने उघडला आणि नावाने नाही, तर प्रश्न नाव शोधण्याचा आहे. दोन्हींनी उघडत नसेल तर ज्या संगणकावर फोल्डर आहे तो झोपी गेलेला नाही ना, हे आधी पाहावे. मग त्या संगणकावर नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ झाला आहे का ते तपासावे. राउटर बदलल्यावर विंडोज त्याला नवे नेटवर्क समजते आणि सावधगिरी म्हणून शेअरिंग बंद ठेवते. पासवर्ड बदलल्यापासूनच फोल्डर बंद असेल तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये साठवलेली जुनी नोंद पुसावी.

सकाळी उघडतो आणि कार्यालय भरल्यावर उघडत नाही, अशा तक्रारीमागे वेगळेच कारण असते. साध्या विंडोज १० किंवा ११ चा संगणक सर्व्हर म्हणून वापरला तर त्याला एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा आहे. त्यावर सेटिंगचा उपाय नाही. नेटवर्क स्टोरेज किंवा खरा सर्व्हर घ्यावा लागतो.

जुन्या स्कॅनरवरून फोल्डरात येणारी पाने थांबली असतील तर तो ‘एसएमबी१’ ही फोल्डर शेअर करण्याची जुनी पद्धत वापरत असण्याची शक्यता आहे. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवलेली असते. त्याच वर्षी मे महिन्यात जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू याच पद्धतीतील त्रुटीतून शिरत होता. म्हणून ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. स्कॅनरचे फर्मवेअर (त्याच्या आत बसवलेला कार्यक्रम) अद्ययावत करावे किंवा पाने ईमेलवर अथवा पेनड्राइव्हवर घ्यावीत.

मशीन हळू चालते

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि सीपीयू, मेमरी व डिस्क यांपैकी कोणता स्तंभ शंभराच्या जवळ आहे ते पाहावे. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क असेल आणि डिस्कचा स्तंभ सतत शंभरावर असेल, तर तेथे एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याइतका परिणामकारक दुसरा उपाय नाही. मेमरी भरलेली असेल तर उघड्या टॅबची संख्या मोजावी. सीपीयू भरलेला असेल तर कोणता कार्यक्रम तो खातो आहे ते त्याच यादीत दिसते. काहीच खात नसूनही लॅपटॉप तापून संथ होत असेल तर पंख्यात धूळ साचली आहे, कारण तापमान वाढले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असला तरी मशीन संथ होते. संगणक वेगवान करून देतो म्हणणारे ‘क्लीनर’ बसवू नयेत. बऱ्याचदा तेच नंतर काढावे लागतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा जुन्या मशीनवर खर्च करण्यापूर्वी त्यावर विंडोज ११ चालेल का ते पाहून घ्यावे.

मशीन सुरूच होत नसेल तर भिंतीवरचे बटण, यूपीएस आणि मॉनिटरची केबल पाहावी. मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवत असेल तर त्याचे इनपुट चुकीचे निवडलेले नाही ना, आणि केबल स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड सोडून मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लागलेली नाही ना, एवढे तपासावे. लॅपटॉप पूर्ण मूक असेल तर चार्जर काढून पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरावे आणि मग चार्जर लावून पाहावे. पासवर्ड स्वीकारला जात नसेल तर कॅप्स लॉकच्या बरोबरीने कीबोर्डची भाषाही पाहावी. देवनागरीत काम करणाऱ्यांच्या मशीनवर ती नकळत बदललेली असते.

ईमेल जात नसेल तर ‘आउटबॉक्स’मध्ये अडकलेली मोठी जोडफाइल शोधावी. जोडफाइल पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर होते आणि आकार सुमारे एकतृतीयांशाने वाढतो, त्यामुळे सर्व्हरची मर्यादा २५ मेगाबाइट असली तरी २० मेगाबाइटची फाइल परत येऊ शकते.

जेथे हात आवरावा

फाइलींची नावे किंवा विस्तार एकाएकी बदलू लागले, त्या उघडेनाशा झाल्या आणि फोल्डरात पैशांची मागणी करणारी चिठ्ठी दिसली, तर केबल ताबडतोब काढावी, वायफाय बंद करावे आणि जबाबदार व्यक्तीला कळवावे. अशा मशीनला बॅकअपची डिस्क जोडून ‘निदान कामाच्या फाइली तरी वाचवू’ असा प्रयत्न करू नये, कारण ती डिस्कही हाती लागते. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करावे. तपासणीचे कार्यक्रम चालवल्याने मरणाऱ्या डिस्कवर ताणच पडतो. जळका वास आल्यास किंवा यूपीएसची बॅटरी फुगलेली दिसल्यास वीज तोडण्यापलीकडे स्वतः काही करू नये.

सेवा पुरवठादाराला फोन करण्यापूर्वी राउटरवरील कोणते दिवे लागले आहेत, गेटवेला पिंग जाते का, त्रास केबलवरही आहे का आणि तो किती वाजल्यापासून आहे, ही चार उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. ती सांगितली की ‘राउटर बंद करून चालू करा’ या पायरीवर अडकून राहावे लागत नाही. तोच कागद एका वहीत चिकटवावा. तारीख, मशीन, स्विचचा पोर्ट, तक्रार, सापडलेले कारण आणि केलेला बदल एवढे रकाने पुरतात. आमच्या वहीत तीन वेगवेगळ्या माणसांच्या, तीन वेगवेगळ्या मशीनच्या तक्रारींपुढे स्विचचा सात क्रमांकाचाच पोर्ट लिहिलेला आढळला, तेव्हा केबली आणि ड्रायव्हर बदलण्याचे काम थांबले आणि त्या पोर्टवर चिकटपट्टी लावली गेली.